पहिल्या खटक्याला थांबायचं

फेब्रुवारीच्या पहिल्या सकाळी ह्रिंचुकांच्या आवारात होतं ते असं: दोन घरं, मधोमध एक लाकडी खांब, खांबावर विजेची दोन सॉकेटं, बर्फ उपसायची तीन फावडी, त्यातलं एक दांडा मोडलेलं, आणि दोन गाड्या. गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या. फरक फक्त रंगाचा. स्टेफ्काची बिटाच्या रंगाची, ओरेस्टची लोण्याच्या. मालकही जुळेच, बहीण-भाऊ, एकाहत्तर वर्षांचे. तापमान उणे एकोणतीस.

हे सगळं मोजलं ते लारिसाने, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीने. ती नुकतीच इंजिनिअर होऊन सस्कॅटून शहरातून ब्रोडी गावात आली होती, आणि नोकरी लागेपर्यंत आत्याकडे राहणार होती. सारख्या गाड्या, सारख्या वयाचे चालक, एकच आवार, एकच थंडी. असा योग प्रयोगशाळेत नवस करूनही जुळत नाही, असं तिचं म्हणणं. स्टेफ्काला योगबिग काही दिसत नव्हता. तिला आपली गाडी जाताना दिसत होती.

झालं होतं असं की आदल्या रविवारी जेवताना ओरेस्टने चमचा खाली ठेवला. तो चमचा खाली ठेवतो तेव्हा काहीतरी ठरवून आलेला असतो.

"दोन म्हाताऱ्यांना दोन गाड्या कशाला? दोन विमे, दोन बॅटऱ्या, आठ टायर. एक विकून टाकू. उरलेल्या गाडीतून मी तुला नेत-आणत जाईन."

"आणि विकायची कुठली?" स्टेफ्काने विचारलं.

"जी जास्त पिते ती. म्हणजे तुझी."

स्टेफ्काचा नवरा बोहदान असेपर्यंत तिने कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तो गेल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ती गाडी शिकली. तेव्हा कुंपणाला टेकून सर्वांत जास्त हसला होता तो ओरेस्टच. आता त्याच्या गाडीतून जायचं म्हणजे त्याच्या घड्याळाने जगायचं. रविवारी चर्चमधली प्रार्थना संपली की ओरेस्ट तडक बाहेर पडतो; खाली तळघरात कॉफी होते, खसखशीचा रोल कापला जातो, गावात कुणाचं काय चाललंय ते कळतं, त्यातलं त्याला काही नको असतं. तो गाडीत बसून हॉर्न वाजवणार आणि ती अर्धा कप टाकून कोट चढवत पळणार. पुढची सगळी वर्षं अशी.

नाही म्हणता आलं असतं. पण ते 'म्हणजे तुझी' तिला झोंबलं.

"मोजून बघू," ती म्हणाली.

नियम लारिसाने घातले. फेब्रुवारीचे चार आठवडे. दोघांची कामं तीच: रोज पोस्टातून टपाल आणायचं, को-ऑप दुकानातून सामान, मंगळवारी बर्फावरचा कर्लिंगचा खेळ, गुरुवारी चर्चच्या तळघरात पिरोही, म्हणजे बटाट्याच्या उकडीच्या करंज्या, वळायला, रविवारी प्रार्थनेला. सुरुवातीला दोन्ही टाक्या वॉल्टरच्या पंपावर काठोकाठ भरायच्या, अर्ध्यात पुन्हा भरायच्या, शेवटी पुन्हा. टाकी भरली की नळीचा खटका आपोआप पडतो; त्या पहिल्या खटक्याला थांबायचं, वर थेंब टाकायचा नाही. दोन्ही वेळचं पेट्रोल मिळून ज्याचं कमी, त्याची गाडी राहणार. शेवटची भरणी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बाराच्या आत, कारण बाराला वॉल्टर पंपाला कुलूप घालून जेवायला जातो. जी गाडी तोवर पोचणार नाही ती हरली.

"आणि मी फक्त मोजणार," लारिसा म्हणाली. "शिकवणार नाही, कुणाची बाजू घेणार नाही. मला विचारायचं नाही."

"विचारतंय कोण," दोघं एकदम म्हणाली.

ओरेस्टने आपला रिवाज बदलला नाही. इकडे थंडीत इंजिनाच्या पोटात एक विजेचा हीटर असतो, त्याची वायर पुढच्या जाळीतून जिभेसारखी बाहेर लोंबते. रात्री ती खांबाला जोडून ठेवायची, म्हणजे सकाळी इंजिन कोमट असतं. ओरेस्टला ते पटत नसे. "गाईला स्वेटर घालायचे धंदे," तो म्हणे. तो सकाळी सपाता घालून बाहेर जाई, किल्ली फिरवून इंजिन चालू करी, दुसऱ्या किल्लीने दार लावी आणि आत येऊन दुसरा कप कॉफी ओती. गाडी आवारात एकटीच पांढरा धूर सोडत उभी राही. मग तो को-ऑपला जाई, आणि दाराजवळची जागा सापडेपर्यंत तिथल्या आवारात घिरट्या घाली. दोन, कधी तीन. घरी येऊन कॉफी घेतली की त्याला टपाल आठवे. तोवर गाडी पुन्हा दगड झालेली असे. पुन्हा सपाता, पुन्हा किल्ली.

स्टेफ्काने पहिले दोन दिवस नुसता विचार केला. इंजिनातलं तिला फारसं कळत नव्हतं, पण भट्टी कळत होती. आयुष्यभर तिने दर शनिवारी पाव भाजले होते. भट्टी एकदा तापवायची आणि सगळे पाव एकामागून एक काढायचे. एका पावासाठी भट्टी पेटवायची, विझवायची, पुन्हा दुसऱ्या पावासाठी पेटवायची, असं ब्रोडीत कुणी वेडंसुद्धा करत नाही.

म्हणून तिने दिवसाची सगळी कामं एका फेरीत घातली. निघायच्या आधी दोन तास हीटर जोडायचा. आधी सगळ्यात लांबचं काम करायचं, म्हणजे वाटेत इंजिन नीट तापतं. मग धान्याच्या कोठाराच्या दक्षिणेकडच्या भिंतीपाशी, वाऱ्याला पाठ करून गाडी लावायची, आणि पोस्ट, को-ऑप, बँक पायी उरकायचं. दाराजवळच्या जागेकडे ती बघतसुद्धा नव्हती.

आणखी एक गोष्ट तिने केली, ती गावात कुणी करत नव्हतं. वायर गाडीच्या पुढे असते, म्हणून सगळं ब्रोडी गाडीचं नाक खांबाकडे करून लावतं. सकाळी मग आखडलेल्या इंजिनाने, मागची काच बर्फाने आंधळी झालेली असताना, रिव्हर्स घेत, पुढे-मागे करत बाहेर पडायचं. स्टेफ्काने को-ऑपमधून एक लांबलचक नारिंगी वायर आणली. ती घरी परतली की इंजिन गरम असतानाच गाडी उलटी लावून टाकी, आणि नारिंगी वायर गाडीखालून मागच्या खांबापर्यंत नेई. दुसऱ्या दिवशी सरळ पुढे.

यात एकच धोका होता. खांब पाठीमागे गेला की वायर डोळ्यांसमोर राहत नाही, आणि माणूस वायर न काढताच निघतो. ब्रोडीत हे प्रत्येकाच्या हातून एकदा झालेलं असतं आणि प्रत्येकजण ते दुसऱ्याचं म्हणून सांगतो. त्यासाठी स्टेफ्का वायर जोडली की स्टिअरिंगवर एक लाल लोकरी हातमोजा चढवून ठेवी.

"हे काय?" ओरेस्टने काचेतून बघत विचारलं. "गाडीला बोटं गार पडतात?"

"तू तुझा धूर सांभाळ," ती म्हणाली.

अर्धा महिना झाला. वॉल्टरच्या पंपावर लारिसाने दोन्ही टाक्या पहिल्या खटक्यापर्यंत भरल्या. ओरेस्टला बावीस पूर्णांक तीन लिटर लागले, स्टेफ्काला अकरा पूर्णांक आठ.

त्या दिवशी जेवायला कोबीच्या पानातले होलुबत्सी होते आणि ओरेस्टने तिसऱ्यांदा घेतले नाहीत. बराच वेळ तो काट्याने पान उलगडत बसला.

"मला एक सांग," त्याने लारिसाला विचारलं, "गाडी नुसती जागेवर उभी, इंजिन चालू. किती पिते?"

"मी शिकवणार नाही म्हटलंय, काका."

"शिकवू नकोस. मोजलं असशील ते सांग."

मोजलं तर होतंच. लारिसाला न मोजता झोप येत नसे. "या थंडीत, गार इंजिन, तासाला साधारण दीड लिटर. तेल काकवीसारखं झालेलं असतं, ते ढवळायलाच निम्मं जातं."

"आणि बंद असली तर?"

"बंद असली तर काय पिणार, काका?"

"हं," ओरेस्ट म्हणाला, आणि तिसरा होलुबत्सी घेतला.

पंपावरून परतल्यावर त्याने आपली गाडी बहिणीसारखी उलटी लावलेली स्टेफ्काने पाहिली होती. तिला वाटलं, शिकला. तो शिकला होता, पण वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे चौतीस होतं. स्टेफ्का आवारातून बाहेर वळते तर फाटकापाशी ओरेस्ट, कानटोपी, मफलर, हातात सामानाची पिशवी.

तिने काच इंचभर खाली केली. "गाडी कुठाय तुझी?"

"आहे की. विश्रांती घेतेय."

"आणि तू?"

"मी उभा आहे," तो म्हणाला. "उणे चौतीसमध्ये."

आता, ब्रोडीत थंडीने भुवया पांढऱ्या झालेल्या माणसाला रस्त्यावर उभं ठेवून कुणी पुढे जात नाही. वैरी असला तरी दार उघडायचं, भांडण गाडीत करायचं. ओरेस्टला हे पक्कं ठाऊक होतं. नियमांत कामं करायची एवढंच ठरलं होतं. कुणाच्या गाडीतून, हे कुणीच बोललं नव्हतं.

दोन आठवडे तो रोज तिच्या शेजारी बसून गेला. वर तोंड चालू.

"इथे कुठे लावतेस, स्टेफ्के? दारापाशी जागा दिसतेय."

"चाल दहा पावलं."

"एक चक्कर मार, तो लाल ट्रक निघेल आता."

"ओरेस्ट, उतर, नाहीतर तुला याच गाडीत पिरोहीसारखा वळून ठेवीन."

तो उतरे आणि तिच्यामागून चालत राही, वाऱ्याला शिव्या घालत. रविवारी मात्र तिने त्याला कॉफी संपेपर्यंत तळघरात बसवलं. खसखशीच्या रोलचे दोन तुकडे त्याने खाल्ले आणि तिसरा बांधून मागितला.

पण मजा काही असो, हिशेब वाईट होता. शेवटच्या गुरुवारी पिरोही वळता वळता स्टेफ्काने तो मनातल्या मनात मांडला. आपले पहिले अकरा पूर्णांक आठ. नंतरच्या पंधरवड्यालाही तेवढेच, म्हणजे बारा धरू. झाले तेवीस पूर्णांक आठ. ओरेस्टचे बावीस पूर्णांक तीन, आणि त्यापुढे गाडी जागची हललेली नाही. पंपावरून घरी आणि घरून पंपावर, फार तर अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे तो तेवीसवर थांबणार, आणि ती हरणार. वाचायचं तर शनिवारी सकाळी ओरेस्टच्या गाडीने आणखी एक लिटर तरी जाळायला हवं होतं. तेही जागेवर उभं राहून.

तासाला दीड लिटर. म्हणजे पाऊण तास, आणि वर थोडा.

तिने पुढची पिरोही इतकी घट्ट मिटली की शेजारी बसलेली नेटी म्हणाली, "अगं, मारायची आहे का तिला?" नेटी तिची शाळेपासूनची मैत्रीण. स्टेफ्का तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नेटी, तू ते कर्लिंगच्या फायनलमधल्या ओरेस्टच्या शेवटच्या दगडाबद्दल काय म्हणतेस ते पुन्हा सांग बरं. नीट, पहिल्यापासून."

शुक्रवारी उजेड असतानाच ओरेस्ट नवी कोरी नारिंगी वायर घेऊन बाहेर आला. दोन आठवडे गोठून पडलेली गाडी उद्या चालू झालीच नाही तर सगळंच मुसळ केरात. तेव्हा गाईला स्वेटर घालणं भाग होतं. त्याने वायर जाळीपासून गाडीखालून खांबापर्यंत नेली, जोडली आणि हात झटकले.

"हातमोजा देऊ का लाल?" स्टेफ्काने खिडकीतून विचारलं.

"मला आठवायला खेळणी लागत नाहीत, ताईसाहेब."

शनिवारी सकाळी स्टेफ्का आणि लारिसा स्वयंपाकघरात बसल्या होत्या. स्टेफ्काच्या मांडीवर फोन होता. अकराला दहा मिनिटं असताना ओरेस्टचं दार उघडलं, सपाता दिसल्या. हीटरने इंजिन कोमट झालं होतं, तेव्हा किल्ली फिरवून लगेच निघता आलं असतं. पण पन्नास वर्षांची सवय. इंजिन चालू झालं, दुसऱ्या किल्लीने दार लागलं, सपाता आत गेल्या, पांढरा धूर वर चढू लागला. स्टेफ्काने नंबर फिरवला. ओरेस्टचा फोन मागच्या खोलीतल्या भिंतीवर आहे आणि तिथून आवार दिसत नाही.

"ओरेस्ट? काही नाही रे. गुरुवारी नेटी म्हणत होती, तुला सांगावं की नको असं झालं होतं मला."

"काय म्हणत होती?"

"जाऊ दे. तुला निघायचं असेल."

"काय म्हणत होती, स्टेफ्के?"

"की त्या जिल्ह्याच्या फायनलला तुझ्या शेवटच्या दगडाला झाडू लागला होता."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कर्लिंगमध्ये एकजण बर्फावरून दगड घसरवत सोडतो आणि पुढे दोघे झाडूने बर्फ घासत त्याला वाट करून देतात. चालत्या दगडाला झाडू लागला तर ज्याचा लागला त्याने आपणहून सांगायचं असतं. न सांगणं म्हणजे चोरी. आणि ब्रोडीने ती फायनल आयुष्यात एकदाच जिंकली होती.

"नेटी कुठे उभी होती?" ओरेस्टने हळू आवाजात विचारलं.

"प्रेक्षकांच्या काचेमागे."

"कुठल्या टोकाला? काचेमागून तिला दिसणार काय? ऐक. तिसऱ्या दगडापासून सांगतो, म्हणजे तुला कळेल."

"सांग," स्टेफ्का म्हणाली, आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

त्याने सांगितलं. दुसऱ्या दगडापासूनही सांगितलं, कारण तिसरा दुसऱ्याशिवाय समजत नव्हता. मग बर्फ कुठल्या बाजूला उतरता होता ते. मधूनमधून स्टेफ्का म्हणे, "पण नेटी म्हणते तो डावीकडचा झाडू," आणि ओरेस्ट पुन्हा मागे जाई. खिडकीबाहेर धूर छपरापर्यंत गेला होता. लारिसाने आधी धुराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग आत्याकडे. स्टेफ्काने फोनवर हात ठेवला.

"हे बरोबर आहे का, आत्या?" लारिसाने कुजबुजत विचारलं.

"फोन करायचा नाही असं ठरलं होतं का?"

लारिसाने आठवून बघितलं. "नाही."

"मग मोज तू."

बाराला अठरा मिनिटं असताना स्टेफ्का म्हणाली, "बरं, मी नेटीला समजावते. अरे, पण वाजले किती बघितलंस का? वॉल्टर निघेल आता."

फोन आपटल्याचा आवाज आला. स्टेफ्का शांतपणे कोट घालून बाहेर गेली, गाडीत बसली, लाल हातमोजा दिसला, उतरली, आपली वायर काढून खांबाला गुंडाळून ठेवली. तेवढ्यात ओरेस्ट एक बाही घालत धावत आला, गाडीत शिरला आणि सरळ पुढे निघाला. नारिंगी वायर त्याच्या गाडीखालून ताणली गेली, खांब कुरकुरला, आणि सॉकेटचं झाकण तोडून वायर सुटली. झाकण तिच्या टोकाला तसंच राहिलं.

लारिसाला शेजारी बसवून स्टेफ्का त्याच्या मागोमाग निघाली. त्याच्या गाडीखालून ती लांब नारिंगी शेपटी रस्त्यावर सळसळत होती आणि टोकाचं झाकण टणटण उडत होतं. पोस्टातून बाहेर पडलेल्या दोन बायकांनी हात हलवले. ओरेस्टनेही हलवला. को-ऑपपाशी चौघं थांबून बघायला लागले, त्यांनाही त्याने हात केला, जरा रुबाबात. एक कुत्रा झाकणाच्या मागे लागला आणि बँकेपर्यंत आला.

"आत्या, हॉर्न," लारिसा म्हणाली.

"हॉर्न कशाला? लोकांच्या जेवणाची वेळ झालीय."

वॉल्टर किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन बाहेर उभाच होता. त्याने ओरेस्टच्या गाडीमागे लांबवर नजर नेली.

"काय रे, वीज घरूनच ओढत आणलीस?"

ओरेस्टने उतरून पाहिलं. वायर पाहिली, झाकण पाहिलं, मग मागच्या गाडीतल्या बहिणीकडे पाहिलं. ती लाल हातमोजा हातात चढवत होती.

"पन्नास वर्षांत तुझं पहिलंच, नाही का?" वॉल्टर म्हणाला.

"दुसऱ्या कुणाची वायर आहे ही," ओरेस्ट म्हणाला.

आधी स्टेफ्काची गाडी. लारिसाने नळी लावली; आकडे फिरले, खटका पडला. बारा पूर्णांक एक. महिन्याचे तेवीस पूर्णांक नऊ.

"काका, तुम्हाला एक पूर्णांक सहाच्या आत हवेत," लारिसा म्हणाली.

"दोन आठवडे हलली नाही ती," ओरेस्ट म्हणाला. "अर्धा लिटर घेतला तर खूप." मग त्याचं काहीतरी चुकल्यासारखं झालं. तो स्टेफ्काकडे वळला. "तू फोन किती वाजता केला होतास?"

"नेटीला विचार," ती म्हणाली.

लारिसाने नळी लोण्याच्या रंगाच्या गाडीला लावली आणि मूठ दाबली. आकडे चढू लागले. तिघं आणि वॉल्टर पंपाच्या काचेकडे बघत उभे राहिले. खटका पडला तेव्हा आकडा होता एक पूर्णांक नऊ लिटर.